रेव्हॉक्स ए७७ एचएस : दुरुस्तीच्या नोंदी

९ जून २०२४

मुंबईतील एका बंद पडलेल्या लहान ध्वनिमुद्रण कक्षातून आलेले रेव्हॉक्स ए७७ हे स्पूलवरच्या टेपचे ध्वनिमुद्रण मशीन आज पुण्यात टेबलावर घेतले. मशीन एचएस प्रकारचे आहे, म्हणजे त्याला सेकंदाला १९ आणि ३८ सेंटिमीटर असे दोन वेग आहेत. घरगुती ए७७ मध्ये ९.५ आणि १९ हे वेग असत. हेड (टेपवर मुद्रण करणारे आणि ते वाचणारे भाग) अर्ध्या ट्रॅकची, म्हणजे टेपच्या रुंदीत दोन पट्टे धरणारी, असून २६.५ सेंटिमीटर व्यासाची मोठी स्पूल त्यावर बसतात. विली स्टुडर यांच्या स्विस कंपनीने ए७७ हे मॉडेल १९६७ मध्ये आणले आणि १९७७ मध्ये बी७७ येईपर्यंत त्यात लहानमोठे फरक करत ते चालू ठेवले. मोठ्या स्टुडिओंना आणि रेडिओ केंद्रांना देण्याच्या मशीनवर ‘स्टुडर’ हे नाव असे आणि शौकिनांसाठीच्या मशीनवर ‘रेव्हॉक्स’. मात्र स्टुडरची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर होती अशा कितीतरी लहान स्टुडिओंनी एचएसवरच काम भागवले.

हे मशीन दुरुस्त करण्याचे कारण शोभेचे नाही. सांगलीच्या एका संगीतप्रेमी गृहस्थांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणे करून ठेवली होती. त्यांच्या कन्येने ती स्पूल माझ्याकडे सोपवली आहेत. बहुतेक मुद्रणे १९ च्या वेगाची, काही ३८ ची आणि थोडी ९.५ ची आहेत. म्हणून दुरुस्तीचा क्रम आधीच ठरवून टाकला आहे: सगळ्यात आधी टेपला इजा होणार नाही अशी तिची वाहतूक, मग वाजवण्याचा मार्ग, आणि मुद्रणाचा मार्ग शेवटी, तोही केवळ तपासणीपुरता.

अशा मशीनबद्दल सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की ते उघडताक्षणी आतले सगळे कंडेन्सर सरसकट बदलून टाकावेत. मला तो पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्डावर एकाच बैठकीत शंभरभर जागी सोल्डर वितळवले, तर जुने पट्टे उचकटतात, आणि नंतर एखादा दोष आढळला तर तो मूळचा की आपण घातलेला, हे सांगता येत नाही. जे मोजून बाद ठरेल तेच बदलायचे आणि जे बदलले ते वहीत लिहायचे, असा नियम मी या कामासाठी ठेवला आहे.

१२ जून २०२४

वीज न देता पाहणी केली. लाकडी पेटीतून मशीन बाहेर काढल्यावर आत धुळीचा थर, एका कोपऱ्यात कुंभारणीचे मातीचे घर आणि पट्ट्याच्या ब्रेकवर तेलकट डाग आढळले. मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका २२० वर होता; आपल्याकडच्या भरणीसाठी तो २४० वर नेला. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा रेझिस्टन्स आणि चॅसीशी असलेले इन्सुलेशन मेगरने तपासले, दोन्ही ठीक आहेत.

वीजपुरवठ्याच्या बाजूचा खटखट दाबण्याचा कंडेन्सर धातुलेपित कागदाचा आहे आणि त्याच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे गेलेले आहेत. या जातीच्या कंडेन्सरांचा हा ठरलेला शेवट असतो. तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओलावा धरतो, आणि बरीच वर्षे विश्रांती घेतलेल्या मशीनला वीज दिली की काही मिनिटांतच खोलीभर धूर होतो. तो काढून एक्स-२ दर्जाचा पॉलिप्रॉपिलीनचा कंडेन्सर बसवला. मोजमापाचा नियम इथे लागू करण्याचे कारण नाही, कारण तडा डोळ्यांनी दिसतो आहे.

तिन्ही मोटारींचे (टेप पुढे ओढणारा दांडा, म्हणजे कॅपस्टन, फिरवणारी एक आणि दोन स्पूलांच्या दोन) रन कंडेन्सर काढून मोजले. कॅपस्टनचा आणि डाव्या मोटारीचा छापील मूल्याच्या पाच टक्क्यांच्या आत निघाला. उजव्या मोटारीचा मात्र जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गमावून बसला आहे. तो एकटाच बदलायचा.

१६ जून २०२४

पहिल्यांदा वीज दिली. भरणीच्या मार्गात १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घेतला आणि त्यामागे डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ठेवला. हा पिवळा बल्ब आजकाल दुकानात मागितला, तर दुकानदार आधी तोंडाकडे पाहतो आणि मग एलईडी पुढे करतो, पण आतले शॉर्ट सर्किट ओळखण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त उपकरण नाही. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन वाचते. आज तो क्षणभर उजळून मंद झाला. डिमरस्टॅट हळूहळू चढवत पूर्ण व्होल्टेजपर्यंत नेले. ध्वनीच्या कार्डांना लागणारे २१ व्होल्ट नियंत्रित आणि स्थिर मिळाले, त्यावरची गुणगुण काही मिलिव्होल्टच होती, त्यामुळे तिथले फिल्टर कंडेन्सर जागेवरच राहतील. रिलेंचा स्वतंत्र पुरवठाही जागेवर आहे.

टेप संपल्याचे ओळखण्यासाठी या मशीनमध्ये एक छोटा दिवा आणि प्रकाशसंवेदक आहे. टेपविना चाचणी घ्यायची तर तो उजेड अडवावा लागतो, म्हणून काळ्या कागदाची पट्टी लावली. पट्टी लावताच कॅपस्टन मोटार सुसाट सुटली. वेगाचे बटण १९ वर ठेवा की ३८ वर, तिला काहीच फरक पडत नव्हता. वीज बंद केली.

१८ जून २०२४

ए७७ ची कॅपस्टन मोटार पाहिली की स्टुडरच्या अभियंत्यांबद्दल आदर वाटतो. त्या काळच्या पुष्कळशा मशीनमध्ये वेग हा वीजपुरवठ्याच्या वारंवारतेवर अवलंबून असे. मोटार सिंक्रोनस असली की ५० हर्ट्झचे ४९ झाले, तर टेपही दोन टक्के मंद चाले. इथे मोटार असिंक्रोनस आहे, तिचा रोटर बाहेरच्या बाजूला फिरतो, त्याच्या कडेला बारीक दाते कोरलेले आहेत आणि त्या दात्यांसमोर एक लहानसे टॅको हेड बसवलेले आहे. दाते पुढून सरकताना हेडमध्ये निर्माण होणाऱ्या संकेताची वारंवारता म्हणजेच मोटारीचा वेग. सर्व्हो कार्ड तो संकेत वाचते आणि एका ट्रान्झिस्टरमार्फत मोटारीला मिळणारा प्रवाह कमी-जास्त करते. त्यामुळे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर आणि आपल्या ५० हर्ट्झवर मशीन त्याच वेगाने चालते.

आता हा वेग अनावर व्हायला दोनच कारणे असू शकतात: टॅकोचा संकेत कार्डापर्यंत पोहोचत नाही, किंवा तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) टॅकोचा संकेत स्वच्छ दिसला. मग सर्व्हो कार्ड खाचेतून उपसून पुन्हा वीज दिली. कार्डाविना ट्रान्झिस्टरला हुकूम देणारे कोणीच नसल्याने मोटार थांबायला हवी होती, पण ती तशीच धावली. ट्रान्झिस्टर काढून मल्टिमीटर लावला, तेव्हा कलेक्टर आणि एमिटर यांच्यात सरळ शॉर्ट निघाला. कार्ड निर्दोष आहे.

२३ जून २०२४

बदली ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात अशा उच्च व्होल्टेजच्या धातूच्या टोपीतल्या वस्तू आता क्वचितच सापडतात, आणि ज्या सापडतात त्यांपैकी काहींवरचे छापील नाव खरवडून नवीन छापलेले असते. म्हणून बसवण्याआधी ब्रेकडाऊन व्होल्टेज तपासले. जुनी अभ्रकाची चकती पिचलेली होती. नवी घालून दोन्ही बाजूंना उष्णतावाहक पेस्ट लावली. मोटार दोन्ही वेगांना शांतपणे पकडली गेली आणि बोटाने रोटरला किंचित अडवले, तरी सर्व्हो लगेच जोर लावतो हे दिसले.

३० जून २०२४

ब्रेक आणि पिंच रोलर.

ब्रेकचे ड्रम आणि पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे केले. दोन्ही बाजूंचा ब्रेक फिरण्याच्या दोन दिशांना वेगवेगळ्या जोराने धरतो, आणि तो तसाच धरायला हवा. थांबताना जे स्पूल टेप सोडत असते त्याचा ब्रेक नेहमी अधिक घट्ट लागला पाहिजे, नाहीतर टेप सैल पडून तिचा फास होतो आणि पुढच्या झटक्यात ती ताणली जाते. स्प्रिंगच्या तराजूने दोरा ओढून चारही आकडे घेतले, आणि स्वच्छतेनंतर उजवी-डावी बाजू एकमेकींच्या जवळ आली. ए७७ मध्ये टेपचा ताण मोजून सावरणारी यंत्रणा नाही. मोटारीचा पीळ स्थिर असल्याने ताण स्पूलच्या व्यासाप्रमाणे बदलतो: मोठ्या व्यासाला कमी, गाभ्याजवळ जास्त. लहान स्पूलसाठी वेगळा खटका त्याचसाठी दिलेला आहे, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच मापाचे स्पूल लावण्याची शिस्तही त्याचसाठी. जुन्या, नाजूक टेपांच्या बाबतीत हे मी फार गांभीर्याने घेतो.

पिंच रोलरचे, म्हणजे टेपला कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या चाकाचे, रबर टणक होऊन काचेसारखे चकाकत होते. सँडपेपर मारून तात्पुरती पकड मिळते, पण गोलाई बिघडते. छापखान्याच्या रोलरांवर रबर चढवून देणारा एक कारखाना भोसरीत आहे. तिथे रोलर दाखवला. तिथले मिस्त्री तो हातात फिरवत म्हणाले, “साहेब, आमच्याकडं पाच-पाच फुटी रोलर येतात. हा तर माझ्या अंगठ्याएवढा, पण करून देऊ. रबर कुठलं चढवू ते सांगा.” मी त्यांना तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर सुचवले. घट्टपणासाठी त्यांच्या शोअर मापकाने जुन्या रोलरची न वापरलेली कड मोजून त्याहून थोडा मऊ नमुना ठरवला. खरादीवर आतल्या बेअरिंगचे भोक केंद्र धरून घासायचे, बाहेरची कड धरून नाही, एवढे मात्र मी दोनदा सांगितले. केंद्र चुकले की प्रत्येक फेरीला वेगात एक हेलकावा येतो.

७ जुलै २०२४

हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात आहे. टेपांच्या पेट्या सिलिका जेल घालून बंद ठेवल्या. मशीनची कार्डे बाहेर काढून झाकून ठेवली आहेत. रोलर अजून आलेला नाही.

१४ जुलै २०२४

कार्डांचे काम. ए७७ ची ध्वनीची कार्डे खाचेत बसणारी आहेत, आणि डाव्या-उजव्या वाहिनीची एकसारखी असल्याने दोष शोधणे सोपे जाते. डाव्या वाहिनीत तळलेल्या पापडासारखी कुरकुर ऐकू येत होती. वाजवण्याची दोन कार्डे एकमेकांच्या जागी लावली, तशी कुरकुर उजवीकडे गेली, म्हणजे दोष कार्डात आहे. गोठवणारा फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर मारत गेलो. पहिल्याच टप्प्यातला ट्रान्झिस्टर थंड होताच कुरकुर थांबली आणि गरम होताच परतली. तो बदलला. त्याच कार्डावरचे दोन टँटलम कंडेन्सर गळती मोजून बाद ठरवले, बाकीचे राहू दिले.

कार्बनचे प्रीसेट, म्हणजे पातळी बसवण्याचे छोटे फिरते रेझिस्टर, हा या मशीनचा खरा दुखरा भाग आहे. त्यांची फिरती जीभ जागच्या जागी स्पर्श सोडते आणि पातळी आपोआप वरखाली होते. हे सगळे सरमेटचे (धातुमिश्रित सिरॅमिकचे) बसवले. मात्र काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मोजून वहीत लिहिला आणि नवा प्रीसेट त्याच मूल्यांवर आणून मगच बसवला, कारण मागच्या मालकाने ज्या टेपसाठी मशीन बसवले होते त्याची तेवढीच खूण आता शिल्लक आहे.

रिलेंचे स्पर्शबिंदू काळे पडले होते. अल्कोहोलने भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन बिंदूंमध्ये धरून ओढली. पॉलिश पेपर चालत नाही, वरचा चांदीचा मुलामा निघून जातो. खाचांचे पट्टेही पुसले.

४ ऑगस्ट २०२४

रोलर आला आणि चांगला झाला आहे. कॅपस्टनच्या बेअरिंगला तेलाचे दोन थेंब दिले आणि वर आलेले पुसून घेतले. जास्त तेल शेवटी रबरावरच येते.

हेडांची पाहणी भिंगाखाली केली. वाजवण्याच्या हेडवर टेपने घासून केलेला सपाट पट्टा दिसतो, पण त्याच्या वरच्या-खालच्या कडेला खोल पायरी पडलेली नाही आणि गॅप एकसारखी बारीक रेघ दिसते. नखाने पायरी चाचपडली तर लागत नाही. पुन्हा घासून घेण्याची गरज आज तरी नाही. मुद्रणाचे हेड जास्त झिजले आहे, पण आमच्या कामात ते गौण आहे. डीमॅग्नेटायझर फिरवला आणि तो मशीनपासून हातभर दूर नेऊनच बंद केला.

११ ऑगस्ट २०२४

आज मापन टेपवर, म्हणजे ज्ञात पातळीचे संकेत असलेल्या टेपवर, मशीन जुळवले. ही नोंद लांब होणार, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया इथेच आहे.

माझ्याकडची मापन टेप १९ च्या वेगाची, एनएबी या अमेरिकी समीकरणाची (मुद्रण करताना आणि वाजवताना वरच्या-खालच्या स्वरांची पातळी सावरण्याचे ठरलेले माप) आणि मीटरला २५० नॅनोवेबर (टेपवरच्या चुंबकत्वाचे एकक) पातळीची आहे. एनएबीमध्ये १९ आणि ३८ या दोन्ही वेगांना वरच्या स्वरांची वेळ ५० मायक्रोसेकंद आणि खालच्यांची ३१८० मायक्रोसेकंद आहे. युरोपीय आयईसी पद्धतीत १९ ला ७० आणि ३८ ला ३५ मायक्रोसेकंद असतात आणि खालच्या स्वरांना काही उचल नसते. आमच्या संग्रहातली काही मुद्रणे युरोपीय मशीनवरची असणार हे उघड आहे, पण मशीनवरचा एनएबी मार्ग बदलायचा नाही, असे ठरवले आहे. मशीन एकाच ज्ञात मापावर घट्ट बसवायचे आणि फरक संगणकावर नोंद करून भरून काढायचा, हे मला जास्त सुरक्षित वाटते.

आधी अझिमथ, म्हणजे टेपच्या दिशेशी हेडचा कल. १९ च्या वेगाला १० किलोहर्ट्झची तरंगलांबी टेपवर अवघी १९ मायक्रोमीटर भरते. दोन ट्रॅकांच्या मध्यांतले अंतर सुमारे चार मिलिमीटर धरले, तर हेड पाव अंशाहून किंचित जास्त कलले की दोन वाहिन्यांत पूर्ण एका तरंगाचा फरक पडतो, आणि सीआरओवर आकृती पुन्हा जुळल्यासारखी दिसू लागते. या खोट्या जुळणीत फसायचे नसेल, तर १ किलोहर्ट्झवर तिरपी रेघ (दोन्ही वाहिन्या जुळल्याची खूण) मिळवूनच ३, मग १० आणि शेवटी १६ कडे जावे लागते. स्क्रू पाव फेरीच्याही आत हलला.

वाजवण्याची पातळी दोन्ही वाहिन्यांत ०.२ डेसिबेलच्या आत आणली. १६ किलोहर्ट्झपर्यंत प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे आला. १०० हर्ट्झखाली मात्र आकडे दोन डेसिबेलपेक्षा जास्त चढलेले दिसले. ते तसेच राहू दिले, कारण मापन टेप पूर्ण रुंदीवर मुद्रित केलेली असते, आणि अर्ध्या ट्रॅकचे हेड लांब तरंगांच्या बाबतीत आपल्या पट्ट्याबाहेरचेही चुंबकत्व गोळा करते. हा वाढीव आकडा मशीनचा नाही, मोजण्याच्या रीतीचा आहे. त्याकडे पाहून प्रीसेट फिरवला असता, तर खऱ्या अर्ध्या ट्रॅकच्या मुद्रणांतला खर्जच कापला गेला असता.

३१५० हर्ट्झची टेप लावून वेगाची थरथर मोजली: १९ ला ०.०७ टक्के आणि ३८ ला ०.०५ टक्के. थरथरीचा वर्णपट काढून पाहिला. रोलरचा परीघ मोजून वेगाला त्याने भागले, की त्याच्या फेऱ्यांची वारंवारता मिळते. तिथे जेमतेम उंचवटा आहे. भोसरीचे काम चोख झाले आहे.

१८ ऑगस्ट २०२४

मुद्रणाचा मार्ग तपासला. बायसचा (मुद्रण स्वच्छ व्हावे म्हणून आवाजात मिसळायच्या उच्च वारंवारतेच्या संकेताचा) ऑसिलेटर १२० किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याची लहर स्वच्छ आहे. नव्या टेपवर १० किलोहर्ट्झ मुद्रित करत बायस वाढवत नेला, पातळी शिखरावर पोहोचून ठराविक उतरली तिथे ठेवला. १९४० मध्ये बर्लिनच्या रेडिओ संस्थेत वाल्टर वेबर आणि हान्स योआखिम फॉन ब्राउनम्यूल यांनी उच्च वारंवारतेचा बायस वापरात आणला, त्यापूर्वी टेपवरचा आवाज खरखरीत असे. बायसचा प्रीसेट हलवून ती खरखर आजही हव्या तेवढ्या प्रमाणात परत आणता येते, आणि नव्या माणसाला हा विषय समजावायला मला याहून चांगला प्रयोग माहीत नाही.

आता मुद्रणाच्या ऑसिलेटरचे कार्ड खाचेतून बाहेर काढून ठेवले आहे. संग्रहातली टेप लावलेली असताना चुकून बटण दाबले गेले, तरी काही पुसले जाऊ नये.

८ सप्टेंबर २०२४

टेपांची वर्गवारी. उजेडासमोर धरल्यावर गुंडाळीतून प्रकाश पार होतो ती ॲसिटेटची आणि अपारदर्शक राहते ती पॉलिएस्टरची किंवा पीव्हीसीची. ॲसिटेटच्या काही पेट्यांना व्हिनेगरचा वास येतो आहे, त्या वेगळ्या ठेवल्या आणि त्याच आधी वाजवायच्या, कारण हा ऱ्हास स्वतःलाच वेग देत जातो. ॲसिटेट तुटते तेव्हा स्वच्छ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर आधी ताणली जाते आणि तेवढा आवाज कायमचा जातो.

सत्तरच्या दशकातल्या पाठीला काळा लेप असलेल्या दोन टेप खालच्या मार्गदर्शक खुंटीवर चिकट तपकिरी थर सोडत होत्या आणि चिरकत होत्या. चुंबकीय कण धरून ठेवणारे पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने विघटित होते, तेव्हा असे घडते. अँपेक्स ४५६ हे याचे जगभर परिचित उदाहरण. त्या दोन टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये आठ तास ठेवल्या, मध्ये एकदा उलटवल्या आणि थंड झाल्यावर वाजवल्या. उपाय तात्पुरता असतो, काही आठवड्यांत चिकटपणा परततो, पण एकदा नीट वाजवून घेण्याएवढा वेळ मिळतो. ॲसिटेटला ही उष्णता देणे म्हणजे ती संपवणे, म्हणून वर्गवारी झाल्याशिवाय ओव्हनचे दार उघडायचे नाही.

२२ सप्टेंबर २०२४

प्रत्यक्ष वाजवणे सुरू झाले. प्रत्येक टेपचा अझिमथ वेगळा जुळवावा लागतो, कारण त्या ज्या मशीनवर मुद्रित झाल्या त्यांची हेड जशी कललेली होती तसेच आपले हेड कलवायला हवे. मापन टेपवरची जागा स्क्रूवर खूण करून ठेवली आहे आणि दर वेळी परत तिथे आणतो. एकच वाहिनी दोन्ही ट्रॅकवर असलेल्या टेपांत हे काम सोपे आहे: दोन्ही बाजू जोडून ऐकायच्या आणि टाळ्यांचा, तबल्याच्या चाटेचा आवाज सर्वांत धारदार होईल तिथे थांबायचे.

एका मैफलीत निवेदकाच्या पहिल्या शब्दाच्या सुमारे चार सेकंद आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो. टेपच्या एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटलेले आहे, आणि मोठ्या स्पूलच्या बाहेरच्या वेढ्याची लांबी १९ च्या वेगाने भागली, तर साधारण तेवढाच वेळ येतो. वाजवण्याआधी टेप पुढेमागे संथपणे गुंडाळून घेतली, तेव्हा ही चाहूल बरीच कमी झाली.

९.५ च्या टेप हे मशीन सरळ वाजवू शकत नाही. त्या १९ वर वाजवून संगणकावर वेग निम्मा करतो. त्यांचे ९० मायक्रोसेकंदाचे समीकरण दुप्पट वेगाला ४५ होते आणि मशीन ५० लावते, म्हणजे वरच्या स्वरांत जास्तीत जास्त ०.९ डेसिबेलचा फरक, जो सहज काढता येतो. खालच्या बाजूला ३१८० मायक्रोसेकंदांची खूण ५० हर्ट्झऐवजी १०० वर सरकते, म्हणून तिथे खर्ज वेगळा सावरावा लागतो.

६ ऑक्टोबर २०२४

वेगाचा प्रश्न. टेप सोपवणाऱ्या ताईंनी, म्हणजे त्या सांगलीच्या गृहस्थांच्या कन्येने, विचारले, “बाबांच्या टेपमध्ये पंडितजींचा आवाज जरा चढा वाटतो, तो तसाच होता का?” प्रश्न अगदी रास्त आहे. मशीनचा वेग मी मापन टेपवर ०.१ टक्क्याच्या आत बसवला आहे, पण मुद्रण ज्या मशीनवर झाले तिचा वेग काय होता?

टेपमध्ये मिसळलेली विजेची गुणगुण मोजून वेग ठरवावा असे बरेच जण सांगतात. मोजली तर ती नेमकी ५० हर्ट्झ आली. याने काही सिद्ध होत नाही, हे सहज लक्षात येत नाही. मुद्रण करणाऱ्या मशीनची मोटार विजेशी बांधलेली असेल आणि त्या संध्याकाळी वीज ४९ हर्ट्झवर असेल, तर टेप दोन टक्के मंद चालली आणि गुणगुणही ४९ ची मुद्रित झाली. आज योग्य वेगाने वाजवताना दोन्ही चुका एकमेकींना पुसतात आणि गुणगुण ५० दिसते. गायन मात्र दोन टक्के, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक, चढलेलेच राहते. त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता बरीच हेलकावत असे, त्यामुळे ही शंका कागदावरची नाही.

म्हणून दुसरा आधार शोधला. त्याच घरातल्या, त्याच वादकाच्या पेटीची साथ असलेल्या तीन मैफली संग्रहात आहेत. पेटीचे सूर वर्षभरात थोडे उतरतील, पण एका हंगामात दोन टक्के सरकत नाहीत. तिन्ही टेपांवर काळी एकचा षड्ज मोजला: दोन जवळजवळ जुळतात आणि ही तिसरी ३० सेंटने (एका अर्धस्वराचे १०० सेंट) चढी आहे. आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना तिन्ही ऐकवल्या. त्यांनी तानपुऱ्याकडेही लक्ष वेधले, कारण तो पेटीला मिळवलेला असल्याने त्यातही तेवढाच फरक दिसायला हवा होता, आणि तो दिसला.

मूळ फाइल जशी वाजली तशी, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, काहीही न बदलता ठेवली आहे. वेग उतरवलेली प्रत वेगळी केली असून तिच्या नावात आणि नोंदीत किती सेंट व कशाच्या आधारे उतरवले ते लिहिले आहे. ताईंना दोन्ही दिल्या.

२७ ऑक्टोबर २०२४

ॲसिटेटच्या सगळ्या टेप आणि ओव्हनमधून काढलेल्या दोन टेप वाजवून झाल्या. जोडांवरची जुनी चिकटपट्टी सुटलेल्या टेपांना नवी पट्टी लावायचे काम आता सुरू आहे. जुन्या डिंकाचा अंश शेजारच्या वेढ्यांवरून अल्कोहोलने काढताना कापसाचा बोळा एकाच दिशेने फिरवावा लागतो.

उजव्या स्पूल मोटारीच्या बेअरिंगमधून जलद गुंडाळताना खरखर येऊ लागली आहे. वाजवण्याच्या वेगाला ती नाही आणि थरथरीचे आकडेही ऑगस्टमधल्या आकड्यांच्या जवळच आहेत. बेअरिंग मागवले आहे. ते बसेपर्यंत टेप वाजवून संपल्यावर शेवटचे टोक बाहेर असलेल्याच ठेवायच्या आणि या मशीनवर जलद गुंडाळणी करायची नाही, असा कागद हेडच्या झाकणावर चिकटवला आहे.